अजीम सरांचं फ्रेंच

चंद्रपूर जिल्ह्यात फ्रेंच बोलणारा माणूस शोधायला निघालात तर आधी वाघ दिसेल, माणूस नंतर, आणि बहुधा नाहीच. मात्र फ्रेंचमध्ये शंभरापैकी पंचाण्णव मिळवलेली माणसं हवी असतील तर ती गल्लोगल्ली आहेत. दातांचे डॉक्टर आहेत, वीजकेंद्रातले इंजिनिअर आहेत, बँकेत काउंटरवर बसणाऱ्या बाया आहेत. बारावीला मराठी घेतलं की गाडी सत्तरीवर अडते आणि फ्रेंच घेतलं की नव्वदीच्या पुढे पळते, हे एकदा इथल्या आईबापांच्या ध्यानात आलं आणि पोरांनी आईची भाषा सोडून परमुलखातली धरली. ही सगळी पोरं अजीम सरांच्या हाताखालून गेली. बिचाऱ्या फ्रान्सला याचा पत्ताही नाही.

अजीम सर बल्लारपूरचे. त्यांच्या वडिलांचं स्टेशनजवळ शिलाईचं दुकान होतं आणि कागद कारखान्यातल्या निम्म्या कामगारांच्या पँटी त्यांच्या मशीनखालून जायच्या. मुलानं कात्री धरावी अशी वडिलांची इच्छा होती, मुलानं पुस्तक धरलं. बी.ए. झाल्यावर दर शनिवारी नागपूरची गाडी पकडून ते फ्रेंचच्या वर्गाला जाऊ लागले. का, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. कुणीतरी म्हणालं होतं की या भाषेला मास्तर मिळत नाहीत, आणि नोकरी शोधणाऱ्याला एवढं कारण पुरतं. पदविका झाली, चंद्रपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर काम मिळालं, संध्याकाळची शिकवणी सुरू झाली आणि बघता बघता सर त्या भाषेचे जिल्ह्यातले एकमेव धनी होऊन बसले. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात, ते काही उगीच नाही.

त्यांची शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची होती. फ्रेंचमध्ये अगदी जवळचा भविष्यकाळ सांगायचा तर ‘जाणे’ या क्रियापदाची सहा रूपं घ्यायची आणि पुढे हवं ते क्रियापद जसंच्या तसं ठेवून द्यायचं. सर म्हणायचे, “सहा रूपं आली का उद्याचं काहीबी बोलता येते. बाकी व्याकरण गेलं चुलीत.” मग टेबलावर बोटांनी ठेका धरून ते सुरू करायचे, आणि पाठोपाठ सगळा वर्ग: ज व्हे व्हुआर, त्यू व्हा व्हुआर, इल व्हा व्हुआर, नूझालाँ व्हुआर, वूझाले व्हुआर, इल व्हाँ व्हुआर. मी पाहणार आहे, तू पाहणार आहेस, तो पाहणार आहे. खालच्या मजल्यावरचा झेरॉक्सवालासुद्धा हे झोपेत म्हणू शकला असता. पेपरात ‘तुम्ही’चं रूप विचारलं की पोरं मान खाली घालत, ओठातल्या ओठात ‘ज व्हे’पासून म्हणायला लागत, बाकाखाली बोटं मोजत आणि पाचव्या बोटाला थांबून उत्तर लिहून टाकत. सतराच्या पाढ्यातला मधलाच आकडा विचारला तर आपण नाही का सुरुवातीपासून म्हणत येत, तसंच हे. मार्क पडत होते. कुणाची तक्रार नव्हती.

बोलण्याचं काय? बोलण्याचे मार्क कॉलेजच्या हातात असत आणि ते कुणी कापत नसे. एकदा सरांच्या बायकोनं, आबिदानं, भाजी निवडता निवडता विचारलं होतं, “इतके साल से सिखा रहे, तुम खुद कब बोलते जी?” सर हसले आणि म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात पाँडिचेरीला जाणार आहे, तिथे दोन महिन्यांचा बोलण्याचा वर्ग असतो. हे ते गेली वीसेक वर्षं म्हणत होते. एका उन्हाळ्यात बहिणीचं लग्न निघालं, एकात वडिलांना अर्धांगवायू झाला, मग पोरांची शिक्षणं, मग उन्हाळी वर्गाची गर्दी. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. खरी पंचाईत तिथेच असते. कारण खोटं असलं तर माणसाला निदान आपण टाळतोय हे कळतं.

अशा या वर्गात रंजीता सिडाम आली. मुलचेरा तालुक्यातल्या जंगलातल्या गावची, घरची गोंडी बोलणारी, चंद्रपूरला मुलींच्या वसतिगृहात राहणारी. पहिल्या बाकावर बसायची आणि ठेक्यात सगळ्यांपेक्षा स्पष्ट म्हणायची. दिवाळीच्या आधी एकदा वर्ग सुटल्यावर ती थांबली. सरांचं लक्ष घड्याळाकडे, कारण बल्लारपूरची पॅसेंजर सुटली की पुढे तासभर फलाटावर बसावं लागे.

“सर, हे आपन म्हनतो ते समदं बरोबर हाय,” ती म्हणाली. “पन मानूस समोर आला त बोलाचं कसं?”

“आधी पाठ कर बेटा. बोलणं आपोआप येते.”

“आपोआप नाई येत सर. मी शाळेत मराठी पाठ केली, तवा नाई आली. मुलचेऱ्याच्या बाजारात भाव करून राह्यली, तवा आली.”

सर चपापले. पोरगी उद्धटपणे बोलली नव्हती, साधंच बोलली होती, आणि खरं बोलली होती. ते म्हणाले, “परीक्षा होऊ दे. मग तुला खास बोलायला शिकवतो. माझा शब्द.” आणि पिशवी उचलून ते गाडीकडे पळाले.

परीक्षा झाली. रंजीताला चौऱ्याण्णव पडले. सरांनी शाबासकी दिली आणि म्हणाले, जूनमध्ये सुरू करू. जूनमध्ये नवीन पोरांची झुंबड. म्हणाले, दसऱ्यानंतर. ती कॉलेजात पुढे शिकत होती, पण महिन्या-दोन महिन्यांनी शिकवणीच्या दारात येऊन उभी राहायची, सर आत ठेका धरून असायचे, हातानंच ‘पुढच्या आठवड्यात’ अशी खूण करायचे. ती मान डोलावून जायची. सरांना तिच्याबद्दल माया होती, यात काडीची शंका नाही. पण माया आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलांना त्यातली दुसरीच उपयोगी पडते.

त्या हिवाळ्यात रोशनचा फोन आला. रोशन सरांचा जुना विद्यार्थी, जंगलाच्या कडेला वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या एका रिसॉर्टचा मॅनेजर. त्याच्याकडे दर थंडीत फ्रेंच पाहुण्यांची टोळी उतरायची. स्वागताच्या टेबलावर एखादी इथलीच मुलगी हवी होती, चार वाक्यं फ्रेंच बोलणारी. पगार चांगला, राहायला खोली. “सर, तुमच्याशिवाय कोनाले विचारू?” तो म्हणाला. सरांनी क्षणाचाही विचार न करता रंजीताचं नाव सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना आठवलं, बोलायला शिकवायचं राहूनच गेलं होतं.

रविवारी सकाळी सगळे तिथे जमले. रंजीता बापाबरोबर आली होती. पोचू सिडाम पांढरा धुतलेला शर्ट घालून, खांद्यावर दुपट्टा टाकून पोर्चच्या पायरीशी उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना. पाहुणे सफारीहून परतून चहा पीत होते. रोशन हौशी माणूस. तो म्हणाला, “सर, आधी तुमीच दोन वाक्यं बोला यांच्याशी, मंग पोरगी बोलन.”

आयुष्यात पहिल्यांदा सरांसमोर जिवंत फ्रेंच माणसं बसली होती. ते हसून म्हणाले, “परीक्षा तिची आहे रोशन, माझी नाही.” सगळे हसले. वेळ मारून नेली.

एका म्हाताऱ्या फ्रेंच बाईंनी रंजीताकडे पाहून प्रेमानं काहीतरी विचारलं. त्यातला ‘तीग्र’, म्हणजे वाघ, एवढा शब्द सरांना कळला. उद्या वाघ दिसेल का, असंच बहुधा विचारत असाव्यात. बाकीचं पाण्यासारखं कानावरून वाहून गेलं. उत्तर सोपं होतं. तुम्ही वाघ पाहणार आहात, एवढंच म्हणायचं. रंजीताला ते ठाऊक होतं. पण ‘तुम्ही’ पाचव्या बोटावर होतं. तिनं मान किंचित खाली घातली आणि सुरू केलं, “ज व्हे व्हुआर, त्यू व्हा व्हुआर...” बाई चकित झाल्या, मग कौतुकानं हसल्या. बाकीचेही हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण पोरगी अडखळली, आणि अडखळली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. बाईंनी दुसरं काही विचारलं. पुन्हा ‘ज व्हे’. आता कुणी हसत नव्हतं आणि ते जास्त वाईट होतं. मग त्या बाई सरांकडे वळल्या आणि त्यांनाच काहीतरी म्हणाल्या. सर म्हणाले, “ऊई, ऊई.” होय, होय. कशाला होय म्हणाले ते त्यांना आजही माहीत नाही. बाई त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.

“काय सर?” रोशननं विचारलं.

इथे एक वाक्य पुरलं असतं. पोरगी हुशार आहे, मी बोलायला शिकवलं नाही, दोन महिने दे. रोशन ऐकणारा होता. सरांच्या जिभेवर ते वाक्य आलंही. पण मागोमाग सगळ्या जिल्ह्याचे पंचाण्णव मार्क डोळ्यांपुढे उभे राहिले, शिकवणीच्या दारावरची पाटी उभी राहिली, आणि त्यांच्या तोंडून निघालं, “मुलगी कच्ची आहे.”

मराठीत म्हणाले ते. पायरीशी उभ्या असलेल्या पोचूनं ऐकलं. निघताना तो सरांपाशी आला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, “जोहार सर. तुमी खरं सांगतलं ते बरं झालं जी. आमाले काय समजते.” रंजीतानं सरांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि ती बापाच्या मागे चालू लागली.

पुढे काय झालं ते सरांना उडत उडत कळत गेलं. पोचूनं मुलीला वसतिगृहातून घरी नेलं. सरच म्हणाले कच्ची आहे, मग शहरात ठेवून हसू कशाला करून घ्यायचं? रोशननं नागपूरहून कुणी मुलगी आणली. सरांची शिकवणी उलट वाढली, कारण रिसॉर्टवाले निवडीसाठी त्यांना बोलावतात अशी वार्ता पसरली होती. जगाचा न्याय हा असा, त्याला इलाज नाही. पण वर्गात ठेका धरला की सरांना मध्येच थांबावंसं वाटायचं. आपणही ‘वूझाले’पर्यंत पोचायला ‘ज व्हे’पासूनच निघतो, हे त्या पोर्चमध्ये त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी तिला जे दिलं नव्हतं ते त्यांच्यापाशीच नव्हतं, आणि दोष मात्र तिच्या पदरात बांधला होता. थंडीचे दिवस आले की ते आबिदाला म्हणत, यंदा मुलचेऱ्याला जाऊन येणार आहे, एका मुलीला भेटायचं आहे. आबिदा फक्त “हाँ, जाओ” म्हणायची. तीन हिवाळे गेले.

मग या मे महिन्यात रंजीताचाच फोन आला. आवाज तोच, स्पष्ट.

“सर, नागपूरले आदिवासी पोरींसाठी हॉटेलातल्या कामाचा एक वर्षाचा कोर्स निंगाला हाय. राहनं-खानं समदं त्यांचं. माहा नंबर लागला. पन बाबा पाठवत नाई. म्हन्ते, सरच म्हनले कच्ची हाय, एक डाव हसू झालं तेवढं पुरे.”

सर फोन घेऊन बाहेर ओट्यावर आले.

“सर, त्या दिवशी मी म्हनत होती तवा तुमचे ओठ बी हालत होते. मी पाह्यलं. मी कोनाले सांगतलं नाई आन सांगनार बी नाई. तुमी फकत बाबाले एवढं सांगजा का पोरगी पक्की हाय, पाठवा. फोनवर सांगतलं तरी चालन.”

“फोनवर नाही,” सर म्हणाले. “मी येतो.”

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. इतकी वर्षं छातीवर दगड होता, तो उतरवायची वेळ आली होती. त्यांनी ठरवलं, आता अर्धवट काही नाही. जाऊन त्या बापासमोर, गावासमोर सगळं खरं सांगायचं. आयुष्यात एकदा तरी धीटपणे वागायचं. या विचारानं त्यांना इतकं हलकं वाटलं की सकाळी ते चक्क दाढी करताना गुणगुणत होते. पोरीनं नेमकं काय मागितलं होतं, याचा विचार त्या आनंदात जरा मागे पडला.

बल्लारपूरहून आष्टीमार्गे मुलचेऱ्याला एस.टी.नं पोचेस्तोवर दुपार झाली. बंगाली वस्तीच्या चौकातल्या टपरीवर त्यांनी चहा घेतला, रस्ता विचारला आणि एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून गाव गाठलं. तेंदूपानांचा हंगाम होता. पहाटे जंगलातून तोडून आणलेल्या पानांचे ढीग मांडवाखाली पडले होते आणि निम्मं गाव त्यांच्याभोवती बसून पुडे बांधत होतं. पानं एकावर एक लावायची, सालीच्या दोऱ्यानं करकचून बांधायची, बाजूला ठेवायची. सर येताना पाहून पोचू उठला. रंजीताच्या आईनं, बुधरीनं, हातपाय धुवायला पाणी दिलं, बाजेवर घोंगडी टाकली. रंजीता ढिगामागे बसली होती. तिनं सरांकडे पाहून मान हलवली. तिचे हात थांबले नाहीत.

“पोचूभाऊ, मी एक सांगायला आलोय,” सर म्हणाले. “सगळ्यांसमोर सांगतो. त्या दिवशी चूक रंजीताची नव्हती. चूक माझी होती.”

मांडवातले हात थांबले. सर बोलत गेले. मी तिला बोलायला शिकवलं नाही. शिकवतो शिकवतो म्हणालो आणि शिकवलं नाही. खरं सांगायचं तर मलाच बोलता येत नाही. मी घाबरलो आणि दोष तिच्यावर ढकलला. पोरगी हुशार आहे, तिला पाठवा. डोळे पुसून त्यांनी वर पाहिलं, तर सगळे त्यांच्याकडे अपार आदरानं पाहत होते.

कोपऱ्यात बसलेला एक म्हातारा, मंगरू, गावच्या तंट्यांत ज्याचा शब्द शेवटचा, तो हळूहळू मान डोलवू लागला. “मोठा मानूस हाय,” तो म्हणाला.

सरांना कळेना. मग पोचूनं समजावून सांगितलं, मुलाला सांगावं तसं. या गावची जुनी रीत होती. लहानाच्या हातून काही चुकलं, चारचौघांत त्याची मान खाली गेली, की घरातला नाहीतर गावातला मोठा माणूस बैठकीत उभा राहतो आणि म्हणतो, चूक माझी. सगळ्यांना ठाऊक असतं की चूक त्याची नाही. पण मोठ्यानं अंगावर घेतली की लहानाची लाज झाकली जाते आणि गोष्ट तिथेच मिटते. “आमच्यात आमचे लोक करते,” पोचू म्हणाला, आणि आता त्याचेच डोळे भरून आले होते. “पन तुमी दुसऱ्या जातीचे, दुसऱ्या गावचे, येवढ्या उन्हात माह्या पोरीची लाज झाकाले आले. हे मी जलमभर नाई विसरनार जी.”

“अहो, तसं नाही. मी खरंच सांगतोय. मला खरंच बोलता येत नाही.”

“असं कसं,” मंगरू हसत म्हणाला. “येते का नाई ते आमी पाहतो. बोला बरं जरासं.”

सर पेचात पडले. बोलता येत नाही हे सिद्ध कसं करायचं, आणि कुणापुढे? त्यांनी तोंड उघडलं आणि जे येत होतं तेवढंच बाहेर पडलं. “ज व्हे व्हुआर, त्यू व्हा व्हुआर, इल व्हा व्हुआर...” सहाही रूपं म्हणून ते थांबले. हेच, एवढंच येतं, म्हणाले. पण मांडवात कौतुकाची कुजबुज पसरली होती. बुधरी शेजारणीला म्हणत होती, “पाय वो, कसे सरसर बोलते.” रंजीतानं मान खाली घातली. तिथे एकटी तीच होती जिला कळलं की सर आत्ता काय बोलले.

“मग पाठवाल ना तिला?” सरांनी शेवटचं विचारलं.

पोचूनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. “सर, तुमी लाज झाकली, लई झालं. पन खरं ते तुमी त्याच दिवशी बोलले. आता मायेपोटी बोलून राह्यले. मले समजते जी.” जे जे सर म्हणत होते ते ते मायेच्या खात्यात जमा होत होतं. त्यांना जेवू घातलं, ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी, आणि निघताना टोपलीभर चारोळ्या बांधून दिल्या. नको म्हणायची सोय नव्हती.

फाट्यापर्यंत रंजीता सोडायला आली. पळसाखाली दोघं बसची वाट पाहत उभे राहिले. सर म्हणाले, “मी पुन्हा येईन. त्यांना पटवून देणार आहे मी.” रंजीतानं विचारलं, “सर, मी फोनवर काय सांगतलं होतं?”

“की बापाला सांगा, पोरगी पक्की आहे, पाठवा.”

“तेवढंच सांगाचं होतं न. त्या दिवशी तुमी दोन शब्द बोलले त बाबानं मले घरी आनलं. आज बी दोनच शब्द बोलले असते त बाबानं पाठवलं असतं. तुमचं ऐकतेच तो.” तिच्या आवाजात राग नव्हता. “तुमी तुमचंच सांगत बसले, सर.”

दुरून बस येताना दिसली. तिनं हात केला, बस थांबली, टोपली तिनंच आत चढवली. सर खिडकीशी बसले आणि त्यांनी काच सरकवून काही बोलावं म्हणून पाहिलं, तोवर ती गावाकडे वळली होती. संध्याकाळच्या आत पुडे फळीवर, ठेकेदाराचा माणूस ते मोजून घेतो तिथे, पोचवायचे होते. नागपूरच्या त्या वर्गाला तिच्या जागी दुसऱ्याच कुणाचा नंबर लागला.